अंगमालीची गादी, क्रांगनोरचा किताब

गोव्याच्या आर्चबिशपांची पूर्ण बिरुदावली लांबलचक आहे. गोवा व दमणचे आर्चबिशप, पूर्वेचे प्राइमेट, ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क, आणि त्यातच क्रांगनोरचे नामधारी आर्चबिशप. पहिली तीन बिरुदे गोव्याच्या इतिहासातून आली आहेत. चौथ्याचे मूळ केरळात आहे. क्रांगनोर म्हणजे आजचे त्रिशूर जिल्ह्यातले कोडुंगल्लूर. तिथले एकही चर्च गोव्याच्या अखत्यारीत नाही, तरी त्या गावाचे नाव गोव्याच्या आर्चबिशपांच्या नावापुढे लागते.

एखादा धर्मप्रांत बंद पडला तर कॅथोलिक ख्रिस्तसभा त्याचे नाव सहसा पुसत नाही. ज्या बिशपांना स्वतःचा प्रांत नसतो, म्हणजे सहायक बिशप किंवा पोपचे राजदूत, त्यांना ते नाव दिले जाते. उत्तर आफ्रिका आणि आशिया मायनरमधली शेकडो प्राचीन बिशपपीठे अशी केवळ नावाने उरली आहेत. तिथे लोकवस्तीच मोडली, किंवा ख्रिस्ती समाज नाहीसा झाला. क्रांगनोरचे तसे नाही. ज्या समाजाची ही गादी होती तो समाज तिथेच राहिला, वाढला, आजही तिथेच आहे. तरीही गादीचे नुसते नाव झाले. हे कसे घडले आणि कुठे कुठे थांबवता आले असते, हा या अभ्यासाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

मलबारचे ख्रिस्ती स्वतःला संत थॉमसचे वारस मानतात. परंपरेनुसार हा प्रेषित इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला. त्या काळच्या मुझिरिस या बंदराला मिऱ्यांसाठी रोमन गलबते येत. परंपरा बाजूला ठेवली तरी एवढे नक्की की अनेक शतके या समाजाला बिशप मिळत ते मेसोपोटेमियातून, पूर्वेकडील सिरियन ख्रिस्तसभेच्या पॅट्रिआर्ककडून. उपासनेची भाषा सिरियाक होती. आपल्या कोकणापर्यंतही या व्यवस्थेचा हात पोचला होता. सहाव्या शतकातला प्रवासी कोस्मास याने कल्याणला पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे.

या गादीचा कारभार समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. परदेशातून आलेला बिशप दीक्षा देई, अभिषेक करी, आशीर्वाद देई. रोजचा कारभार मात्र आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपाच्या खालोखालच्या स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या हाती असे, आणि हे पद पकलोमट्टम घराण्यात चालत आलेले होते. त्याचा किताब होता ‘जातिक्कु कर्तव्यन’, म्हणजे समाजाचा कर्ता. गावोगावच्या चर्चचे निर्णय पळ्ळियोगम ही गृहस्थ आणि धर्मगुरूंची सभा घेई. धर्मगुरूंना कत्तनार म्हणत. मराठी वाचकाला पाटील, गोतसभा आणि दूरच्या पीठाचे आचार्य ही जोडी ओळखीची वाटेल. बिशप बाहेरचा चालत असे, कारण सत्ता घरातच राहत होती.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही गादी अंगमालीला होती आणि तिच्यावर मार अब्राहम होते. तोपर्यंत पोर्तुगीजांना मलबारात येऊन शंभर वर्षे होत आली होती. त्यांच्याकडे पोपने दिलेली ‘पाद्रोआदो’ची सनद होती. पूर्वेकडच्या चर्चचा खर्च पोर्तुगालच्या राजाने करायचा आणि बिशपांची नावेही त्यानेच सुचवायची, असा तो व्यवहार होता.

पेच काय होता

जानेवारी १५९७ मध्ये मार अब्राहम वारले. पुढचा बिशप कुणी द्यायचा? मेसोपोटेमियाच्या पॅट्रिआर्कने जुन्या रिवाजाने, की पोर्तुगालच्या राजाने सनदेच्या जोरावर?

गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या मनात उत्तराविषयी संशय नव्हता. सिरियन परंपरेत त्यांना नेस्टोरियन पाखंडाचा, म्हणजे रोमने निषिद्ध ठरवलेल्या एका जुन्या ख्रिस्ती मताचा, वास येत होता, आणि रोमकडून त्यांना अंगमालीच्या चौकशीचे आदेशही आले होते. दुसऱ्या बाजूला आर्चडीकन गीवर्गीस होते. समाज त्यांच्या पाठीशी होता, पण अभिषेक करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आर्चडीकन कितीही वजनदार असला तरी तो बिशप घडवू शकत नाही. या समाजाची कच्ची बाजू नेमकी तिथे होती आणि मेनेझिसनी तीच पकडली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, समुद्रमार्गे सिरियन बिशप येईपर्यंत थांबणे. पण बंदरे पोर्तुगीजांच्या हातात होती आणि असा बिशप पोचू न देण्याची तजवीज आधीच झाली होती. दुसरा, आर्चडीकनला प्रशासक म्हणून राहू देऊन रोमशी थेट बोलणे. तिसरा, लॅटिन, म्हणजे रोमच्या पद्धतीने उपासना करणारा, बिशप नेमून अंगमालीला गोव्याखाली आणणे. चौथा पर्यायही होता, पण त्याचा गांभीर्याने विचार झाल्याचे दिसत नाही. समाजातल्याच एखाद्या कत्तनाराला बिशप करायचे, सिरियाक उपासना तशीच ठेवायची आणि रोमशी नाते जोडायचे. पुढची तीनशे वर्षे हा समाज नेमके हेच मागत राहिला.

काय केले गेले

मेनेझिस स्वतः मलबारला उतरले. गावोगाव फिरले, नव्या कत्तनारांना स्वतःच दीक्षा दिल्या आणि आपल्या बाजूची संख्या वाढवत नेली. २० ते २६ जून १५९९ या सात दिवसांत उदयंपेरूरला धर्मसभा भरली. १५३ कत्तनार आणि सुमारे ६६० गृहस्थ हजर होते असे सांगतात. बहुतेक ठराव आधीच लिहून तयार होते. सिरियन पॅट्रिआर्कशी संबंध तोडायचा, उपासनेच्या पोथ्या तपासायच्या, आक्षेपार्ह ग्रंथ जाळायचे. ग्रंथ खरोखरच जाळले गेले. मलबारच्या ख्रिस्ती इतिहासाची पहिली पाने आज इतकी विरळ का आहेत, याचे एक कारण त्या जाळात आहे.

त्यानंतर कॅटलन जेझुइट फ्रान्सिस्को रोज यांची बिशप म्हणून नेमणूक झाली. रोज यांना सिरियाक येत होती, मल्याळम येत होते. वैपिकोट्टा सेमिनरीत त्यांनी सिरियाक शिकवली होती. परक्या माणसांत त्यांच्याइतका लायक माणूस सापडणे कठीण होते. पण त्याच वेळी अंगमालीचा दर्जा उतरवून तिला गोव्याच्या हाताखालचा साधा धर्मप्रांत करून टाकले. हा मला या प्रकरणातला सर्वांत अनाठायी निर्णय वाटतो. या समाजाच्या प्रमुखाला ‘सगळ्या हिंदचा मेट्रोपोलिटन’ म्हणत असत. त्याच गादीला गोव्याच्या पायरीशी बसवून काय साधले? गोव्याचा अधिकार त्याविनाही पुरेसा होता. लोकांना झोंबला तो परका बिशप नव्हे, कारण परक्या बिशपांची त्यांना शतकांची सवय होती. त्यांना झोंबली ती पायउतार झालेली गादी.

रोमला हे उमगले आणि १६०८ मध्ये महाधर्मप्रांताचा दर्जा परत मिळाला. पण लगोलग, १६०९ मध्ये, गादी अंगमालीहून क्रांगनोरला हलवली गेली. अंगमाली आत, स्थानिक राजांच्या मुलखात होती. क्रांगनोरला पोर्तुगीज किल्ला होता. बिशपाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे सोयीचे होते. पण क्रांगनोर कोचीनच्या लॅटिन धर्मप्रांतात येत होते, म्हणून कोचीनच्या बिशपांशी हद्दीचा वाद सुरू झाला. आणि आर्चबिशप समाजाच्या मध्यातून उठून किल्ल्याच्या सावलीत गेले. किल्ल्याच्या आधाराने उभी राहिलेली गादी किल्ल्याबरोबरच जाणार होती.

एका समाजावर दोन छत्रे

रोज आणि त्यांच्यानंतरचे ब्रिटो यांच्या काळात आर्चडीकनशी कुरबुरी होत राहिल्या, पण धागा तुटला नाही. १६४१ नंतर आर्चबिशप गार्सिया यांनी आर्चडीकन थॉमस यांचे अधिकार जवळपास शून्यावर आणले. घरातली सत्ताही गेली, तेव्हा जुनी तडजोड संपली.

१६५२ मध्ये अहतल्ला नावाचे सिरियन बिशप मैलापूरला पोचले. त्यांना पोर्तुगीजांनी जहाजावर ठेवून कोचीनमार्गे गोव्याकडे रवाना केले. लोकांनी विनवले, की त्यांना आम्हाला एकदा भेटू द्या. भेट नाकारली गेली. त्यांना समुद्रात बुडवले अशी वार्ता पसरली. ती खरी नव्हती, पण लोकांनी ती खरी मानली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरीत हजारोंनी शपथ घेतली, की आम्ही या जेझुइट आर्चबिशपांना मानणार नाही. सगळ्यांचे हात क्रूसाला पोचेनात म्हणून क्रूसाला दोर बांधले आणि दोर धरून शपथ घेतली अशी आठवण आहे. ‘कूनन कुरिशू’, वाकड्या क्रूसाची शपथ, ती हीच. त्याच मे महिन्यात आलंगाडला बारा कत्तनारांनी आर्चडीकन थॉमस यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना मार थोमा या नावाने बिशप केले. जुन्या कच्च्या बाजूवर शोधलेला तो हताश उपाय होता.

रोमने घाईने कार्मेलाइट संघाचे धर्मगुरू पाठवले. १६६२ मध्ये डचांनी क्रांगनोरचा किल्ला घेतला, जानेवारी १६६३ मध्ये कोचीन घेतले आणि पोर्तुगीज आणि इतर युरोपीय कॅथोलिक धर्मगुरूंना देशाबाहेर जायला सांगितले. निघण्याआधी रोमच्या प्रतिनिधीने पळ्ळिवीट्टिल चांडी या स्थानिक कत्तनाराला बिशप म्हणून अभिषेक केला. निकाल डोळ्यांत भरण्याजोगा होता. ११६ चर्चपैकी ८४ रोमकडे परतली, ३२ मार थोमांकडे राहिली. चौथा पर्याय चालतो, हे एकदा सिद्ध झाले होते. चांडींनंतर मात्र रोमने तो दीर्घकाळ पुन्हा वापरला नाही.

आता एकाच समाजावर दोन छत्रे झाली. क्रांगनोरचे पाद्रोआदो आर्चबिशप कागदावर कायम होते, पण किल्ला गेल्यामुळे आंबळक्काड, पुत्तनचिरा अशा ठिकाणी राहून कारभार पाहत होते. दुसरीकडे रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार मंडळाचे कार्मेलाइट व्हिकार, म्हणजे पोपचे प्रतिनिधी, वरापुळीहून कारभार चालवत. पुढचे शतकभर चर्चे सोयीप्रमाणे इकडून तिकडे जात राहिली.

हातातोंडाशी आलेला तोडगा

१७७८ मध्ये दोन कत्तनार मलबारहून निघाले, आलंगाडचे जोसेफ करियाट्टिल आणि पारेम्माक्कल थोमा. हेतू दोन होते. मार थोमा सहावे रोमशी समेट करायला तयार होते, ते प्रकरण मार्गी लावायचे. आणि आपल्या समाजाला आपला बिशप मागायचा. मद्रास, ब्राझील, लिस्बन, रोम असा हा प्रवास झाला. पारेम्माक्कल यांनी त्याचे वर्णन ‘वर्तमानप्पुस्तकम’मध्ये लिहिले, आणि भारतीय भाषांतल्या आद्य प्रवासवर्णनांत त्याची गणना होते. परक्या मिशनऱ्यांकडून झालेल्या अपमानांची त्यातली सल आजही वाचताना जाणवते.

रोममध्ये त्यांच्या पदरी फारसे पडले नाही. लिस्बनमध्ये पडले. राणी मारिया पहिली हिने क्रांगनोरच्या रिकाम्या गादीसाठी करियाट्टिल यांचे नाव दिले आणि १७८३ मध्ये त्यांचा लिस्बनलाच अभिषेक झाला. ज्या पाद्रोआदोने १५९९ मध्ये हा समाज बांधून टाकला, त्याच पाद्रोआदोने १८४ वर्षांनी त्याला त्याचा माणूस दिला. गादी, माणूस आणि समाज तिन्ही जुळून आले, असे या संपूर्ण कालखंडात एकदाच घडले.

१७८६ मध्ये करियाट्टिल गोव्याला पोचले. मलबार आता काही दिवसांवर होते. सप्टेंबरमध्ये ते गोव्यातच वारले आणि तिथेच त्यांना पुरले. मलबारात विषप्रयोगाचा संशय घेतला गेला. त्याला पुरावा नाही आणि मी तो धरून चालत नाही. पण संशय इतक्या सहज मुळे धरतो यातच त्या काळचा विश्वास किती आटला होता हे दिसते.

फेब्रुवारी १७८७ मध्ये ८४ चर्चचे प्रतिनिधी अंगमालीला जमले आणि त्यांनी एक लेखी निवेदन केले, ‘अंगमाली पडियोला’. आमच्यातला बिशप द्या, नाहीतर आम्ही आमची वाट शोधू, असा त्याचा आशय. जागा महत्त्वाची आहे. गादी क्रांगनोरला जाऊन पावणेदोनशे वर्षे उलटली होती, तरी लोक जमले ते अंगमालीला. पारेम्माक्कल यांना बिशप करा ही मागणी मान्य झाली नाही. त्यांना नुसते प्रशासक नेमले गेले, आणि अभिषेकाविना त्यांनी १७९९ मध्ये मरेपर्यंत कारभार पाहिला. मधल्या काळात टिपूची स्वारी झाली, ती मोठी आपत्तीही त्यांनाच निभवावी लागली.

गादीचा किताब कसा झाला

यापुढचा भाग भरभर सांगता येईल, कारण त्यात मलबारच्या लोकांना फारसे कुणी विचारलेच नाही. १८३४ मध्ये पोर्तुगालमध्ये धर्मसंघ बंद झाले, रोमशी संबंध बिघडले. २४ एप्रिल १८३८ रोजी पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ या आज्ञापत्राने क्रांगनोर, कोचीन आणि मैलापूर इथला पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. मलबारची चर्चे वरापुळीच्या व्हिकारकडे गेली. राजाच्या संमतीशिवाय हे होऊच शकत नाही, अशी गोव्याची भूमिका होती आणि वाद चिघळला. मुंबईच्या चर्चमध्येही तो दीर्घकाळ धुमसत राहिला.

शेवटी २३ जून १८८६ च्या करारात तडजोड झाली. क्रांगनोरचे काय करायचे हा प्रश्न इथे शेवटचा आला. पूर्ण पुनरुज्जीवन शक्य होते. पण ते पोर्तुगालच्या हाती दिले असते तर सिरियन समाज पुन्हा पाद्रोआदोखाली गेला असता, आणि रोमला ते नको होते. पूर्णपणे पुसून टाकणे पोर्तुगालला मानवले नसते. म्हणून तिसरा मार्ग काढला गेला. नवा दमण धर्मप्रांत निर्माण झाला आणि त्याच्या बिशपांना ‘क्रांगनोरचे आर्चबिशप’ हा मानाचा किताब देण्यात आला. वतन एकाकडे, वतनाचे नाव दुसऱ्याकडे.

इथे आपला संबंध येतो. या दमण धर्मप्रांतात दमण-दीवबरोबर साष्टी आणि वसईची पाद्रोआदो चर्चेही होती. १८८६ ते १९२८ या काळात वसईच्या शेतावाडीतल्या, कोळीवाड्यांतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांचे बिशप मानाने क्रांगनोरचे आर्चबिशप होते. क्रांगनोरच्या माणसांचे ते कुणीच नव्हते. १९२८ मध्ये दमण धर्मप्रांत मोडला. साष्टी, वसई मुंबईकडे गेली, दमण गोव्याला जोडले गेले आणि त्याबरोबर क्रांगनोरचा किताबही गोव्याला पोचला. १९५० मध्ये भारतातला पोर्तुगीज राज्याचा धर्मविषयक हक्क संपला, किताब राहिला.

परिणाम

१८८६ च्या करारानंतर पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, रोमने सिरियन कॅथोलिकांना लॅटिन लोकांपासून वेगळे करून त्रिशूर आणि कोट्टयम असे दोन व्हिकारिएट, म्हणजे पोपच्या प्रतिनिधीखालचे प्रांत, दिले. बिशप तरीही युरोपीय. १८९६ मध्ये तीन व्हिकारिएट झाले आणि तिन्हींवर समाजातलेच बिशप आले. करियाट्टिल यांच्या मृत्यूला तेव्हा ११० वर्षे झाली होती. १९२३ मध्ये एर्णाकुलम प्रमुख करून स्वतंत्र सिरो-मलबार व्यवस्था उभी राहिली. १९९२ मध्ये तिला मेजर आर्चबिशपचा दर्जा मिळाला तेव्हा पीठाचे नाव ठेवले गेले एर्णाकुलम-अंगमाली. हे नाव लोकांनी १७८७ मध्येच निवडले होते. कोडुंगल्लूरच्या परिसरात १९८७ मध्ये कोट्टप्पुरम हा लॅटिन धर्मप्रांत झाला. आणि १९८८ मध्ये मुंबई-पुण्याकडच्या मल्याळी सिरियन कॅथोलिकांसाठी कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत आला, कोस्मासने बिशप असल्याचे नोंदवले त्याच कल्याणला.

दरम्यान समाज मात्र तुटत गेला. मार थोमांच्या बाजूच्या ३२ चर्चमधून पुढे अनेक शाखा फुटल्या. कॅथोलिकांतूनही एकोणिसाव्या शतकात मेसोपोटेमियातून मार रोकोस आणि मार मेल्लुस आले तेव्हा पुन्हा फाटाफूट झाली. त्रिशूरची खाल्डियन सिरियन चर्च ही त्याची आजची खूण. प्रत्येक फुटीच्या वेळी मागणी एकच होती.

वेगळे काय करता आले असते

१६०० मध्ये दर्जा उतरवला नसता तर रोज यांच्यासारखा माणूस बरेच काही सावरू शकला असता. त्यांना आठ वर्षे एका अनावश्यक अपमानाचे निरसन करण्यात घालवावी लागली. १६०९ मध्ये गादी हलवायचीच होती तर तटबंदीऐवजी लोकवस्ती पाहून हलवायला हवी होती.

१६५३ चा प्रसंग सर्वांत सोपा होता. अहतल्लांना किनाऱ्यावर उतरवून आर्चडीकनच्या समक्ष त्यांची कागदपत्रे तपासली असती, तर कदाचित ते अनधिकृत ठरले असते आणि लोकांनी तेही स्वीकारले असते. न दाखवलेल्या माणसावर अफवा उठणारच.

१६६३ नंतरची चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तेव्हा पुरावा हातात होता. चांडींमुळे ८४ चर्चे परतली होती. त्यांच्यामागे दुसरा चांडी तयार ठेवला असता, तर दोन छत्रांचे शतक आलेच नसते.

आणि १७८७ मध्ये पारेम्माक्कल यांना अभिषेक का दिला नाही? ते रोम आणि लिस्बन पाहून आले होते, समाजाने त्यांचे नाव एकमुखाने दिले होते, बारा वर्षे त्यांनी कारभारही केला. गादी रिकामी होती, माणूस समोर होता. फक्त डोक्यावर हात ठेवायचे बाकी होते. तेव्हा ते झाले असते तर १८३८ मध्ये क्रांगनोर एका आज्ञापत्राने काढून घेण्याइतके हलके राहिले नसते.

करियाट्टिल यांच्या अस्थी १९६१ मध्ये गोव्यातून त्यांच्या मूळ गावी, आलंगाडला नेण्यात आल्या. क्रांगनोरचा किताब गोव्यातच आहे.